दगड ठेवायचे की वह्या?

मागच्या जुलैत एका मैत्रिणीबरोबर दोन दिवस लवासाला गेले होते. फिरायला नाही, आवरायला. तिचे बाबा कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे एक छोटा फ्लॅट घेतला आणि पुण्याच्या घरातली 'अडगळ' हळूहळू तिकडे हलवली. अडगळ म्हणजे चाळीस वर्षांत जमवलेले दगड आणि त्यांच्या नोंदींच्या वह्या. काका दोन वर्षांपूर्वी गेले. आता फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, म्हणून ती खोली रिकामी करायची होती.

मुळशीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तीन ट्रंका उघडल्या. दगडांना काही झालं नव्हतं, दगडांना काय होणार? वह्या मात्र फुगल्या होत्या, पानं एकमेकांना चिकटली होती, कडांना कसर लागली होती. दगडांत काही फार देखणे होते. काचेसारखा अपोफिलाइट, गुलाबीसर स्टिल्बाइट, वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हान्साइट. बाकीचे बहुतेक काळे, ओबडधोबड. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने एक आकडा घातलेला.

मैत्रिणीचं ठरलेलं होतं. देखणे पंधरा-वीस दगड शोकेसमध्ये, बाकीचे खाली बागेत, आणि वह्या रद्दीत. मी "थांब" म्हटलं. ती म्हणाली, "अगं, दगड टाकवत नाहीत, बाबांनी उचललेले आहेत. पण या वह्या कोण वाचणार? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. ही पोस्ट म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर आहे, आणि ते सुचलं एका पुस्तकामुळे. मीरा कोसंबी यांनी आपल्या वडिलांवर, म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबींवर संपादित केलेलं 'अनसेटलिंग द पास्ट' (पर्मनंट ब्लॅक, २०१३). तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल तर पुढेमागे दोनपैकी एका बाजूला उभे राहणारच आहात. एक तर तुम्ही कुणाच्या तरी मागे राहिलेल्या संग्रहावर काम कराल, नाही तर तुमचा स्वतःचा संग्रह कुणाच्या तरी माथी मारून जाल. म्हणून या पुस्तकाकडे फक्त चरित्राचं साधन म्हणून न बघता, 'वारसा जपणं' हे काम नीट झालंय की नाही, या नजरेने बघू या.

आधी बाबा कोण होते ते

दामोदर कोसंबी (१९०७–१९६६) हे नाव बहुतेकांना इतिहासाच्या पेपरात भेटतं. पण ते मुळात गणिती. हार्वर्डमधून १९२९ साली पदवी, मग बनारस, अलीगढ, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, आणि १९४०च्या दशकाच्या मध्यापासून १९६२पर्यंत मुंबईची टीआयएफआर. पुण्यातल्या घरातून डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन-येऊन केलेली नोकरी. १९४३ साली त्यांनी मांडलेली एक संख्याशास्त्रीय पद्धत पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने गाजली. आता अनेक जण त्या नावांच्या आधी कोसंबींचं नाव जोडतात. १९४४ साली त्यांनी जनुकांमधलं अंतर मोजण्यासाठी दिलेलं सूत्र आनुवंशिकीत आजही 'कोसंबी मॅप फंक्शन' म्हणून वापरतात. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, चांदीच्या आहत नाण्यांचा अभ्यास, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर वेचलेली सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगीन माणसाने गारगोटीसारख्या दगडाची केलेली इवलीशी हत्यारं. आणि या सगळ्यातून उभी राहिलेली इतिहासाची पुस्तकं: १९५६चं 'ॲन इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी', १९६२चं 'मिथ अँड रिॲलिटी'.

आता विचार करा, असा माणूस गेल्यावर घरात काय उरतं? गणिताचे कागद, संस्कृत हस्तलिखितांच्या नोंदी, वजनांचे तक्ते, दगड, जगभरातली पत्रं. हे सगळं एकट्याने वाचू शकेल असा वारस कुठून आणायचा? 'मला त्यातलं कळत नाही' ही अडचण फक्त माझ्या मैत्रिणीची नाही.

नाण्यांनी शिकवलेला धडा

संग्रह म्हणजे काय, याचं सगळ्यात चांगलं उत्तर खुद्द कोसंबींच्या कामात आहे. त्यासाठी नाण्यांकडे थोडा वेळ जावं लागेल.

आहत नाणी म्हणजे चांदीच्या तुकड्यावर वेगवेगळे ठसे ठोकून केलेली जुनी नाणी. राजाचं नाव नाही, साल नाही. मग ती लावायची कशी? कोसंबींनी तराजू घेतला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. काही जास्त फिरतात, काही कमी. म्हणजे एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचा गट घेतला, तर काळाबरोबर त्यांचं सरासरी वजन घटत जातं आणि वजनांमधला फरक वाढत जातो. हे पडताळून बघायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीसुद्धा तोलली. तक्षशिलेच्या साठ्यांमध्ये त्यांना दिसलं, की नाण्याच्या मागच्या बाजूवर जितक्या खुणा जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे त्या खुणा काळाच्या ओघात वेळोवेळी ठोकलेल्या. बिनतारखेच्या नाण्यांचा आगेमागे क्रम असा वजनावरून लागला.

यातली गंमत लक्षात घ्या. एक सुंदर नाणं हातात घेऊन यातलं काहीही कळत नाही. साठा अख्खा हवा. झिजलेलं, कुरूप, फुटकं नाणंही हवं. किंबहुना तेच जास्त हवं. साठ्यातली चांगली नाणी एकाने घेतली, उरलेली दुसऱ्याने वितळवली, तर चांदी शिल्लक राहते आणि पुरावा संपतो. सूक्ष्मास्त्रांचंही तसंच. कुठल्या टेकडीवर, कुठल्या उतारावर, कशाच्या शेजारी सापडलं ही नोंद गेली की हातात राहते ती खडी.

म्हणजे कोसंबींच्याच पद्धतीतून वारसाला लावायची कसोटी मिळते: संग्रह अख्खा राहिला का, आणि त्यातलं न आवडणारंही राहिलं का?

मुलीने काय केलं

मीरा कोसंबी (१९३९–२०१५) वडील गेले तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. वडिलांवरचं पुस्तक आलं तेव्हा चौऱ्याहत्तर. मधल्या काळात त्या 'कोसंबींची मुलगी' म्हणून बसून राहिल्या नाहीत. स्टॉकहोम विद्यापीठातून समाजशास्त्रात पीएचडी, मुंबई शहराच्या वाढीवरचं पुस्तक (१९८६), एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राचं संचालकपद, पंडिता रमाबाईंवरचं मूलभूत काम. घरच्या वारशाकडे त्या वळल्या त्या या सगळ्यानंतर: २०१० साली आजोबा धर्मानंद कोसंबींचे निवडक लेख इंग्रजीत, २०११ साली धर्मानंदांच्या 'निवेदन' या आत्मचरित्राचं भाषांतर, आणि २०१३ साली वडील.

माझ्या मते या पुस्तकाचं बळ इथेच आहे. वडिलांच्या कागदांना हात लावण्याआधी त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर हात बसवला होता. रमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांच्यावर भक्तांनी लिहिलं, टीकाकारांनी लिहिलं. मीराताईंनी २००० साली काढलेल्या निवडक वाङ्मयाच्या खंडाच्या शीर्षकातच 'तिच्याच शब्दांत' असं आहे. आधी मूळ शब्द वाचकापुढे ठेवायचे, मग भाष्य. वडिलांच्या बाबतीतही त्यांनी हीच शिस्त पाळली. पुस्तकाचं उपशीर्षकच दोन गोष्टी सांगतं: अपरिचित पैलू आणि अभ्यासकांनी केलेलं मूल्यमापन. एका बाजूला कोसंबींचं स्वतःचं आत्मपर लेखन, पत्रं, जवळच्यांच्या आठवणी. दुसऱ्या बाजूला त्यांच्या कामाची बाहेरच्या अभ्यासकांनी केलेली चिकित्सा. मुलगी म्हणून काढलेलं पुस्तक गौरवग्रंथ व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडे जन्मशताब्दी म्हटलं की काय निघतं हे तुम्ही पाहिलंच असेल: गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, आणि सगळ्या लेखांत एकच वाक्य. मीराताईंनी निकालाचा अधिकार स्वतःकडे ठेवला नाही. शीर्षकात 'जपणे' किंवा 'स्मरण' नाही, चक्क 'विस्कटणे' आहे.

आणि कोसंबींच्या आयुष्यात झाकावंसं वाटेल असं कमी नव्हतं. टीआयएफआरमधला त्यांचा करार १९६२ साली पुढे वाढवला गेला नाही. रीमान गृहीतकाबद्दल त्यांनी केलेला दावा टिकला नाही, आणि गणितातल्या त्यांच्या नावाला त्याचा जबर फटका बसला. एखाद्या घरात हे विषय बोलायचेच नाहीत असं ठरलं असतं. पण साठ्यातलं झिजलेलं नाणं ते हेच. ते काढून टाकलं तर गणितातून इतिहासाकडे, टेकड्यांकडे, नाण्यांकडे जाणारा हा माणूस आपल्याला कळणारच नाही.

आणि काय राहून गेलं

कौतुक झालं. आता जिथे मी अडखळले ते.

पहिली गोष्ट, मीराताई इथे संपादक आहेत आणि साक्षीदारही आहेत. दोन्ही खुर्च्यांवर एकच व्यक्ती बसते तेव्हा वाचकाने जास्त सावध राहायला हवं. निवडक संग्रहात घेतलेलं दिसतं, न घेतलेलं दिसत नाही. निवड प्रामाणिक असली तरी ती निवडच. तुम्ही सिनॉप्सिसमध्ये असं पुस्तक 'प्राथमिक साधन' म्हणून लिहिणार असाल तर जरा थांबा. छापलेलं पत्र प्राथमिक असेल, पण पत्रांची निवड हा संपादकाचा युक्तिवाद असतो.

दुसरी गोष्ट, माणूस पुस्तकात मावतो, संग्रह मावत नाही. हे पुस्तक वाचून कोसंबी कसे होते हे कळतं. त्यांचं गणित पडताळता येत नाही. ते काम व्हायला वेगळा माणूस लागला. भौतिकशास्त्रज्ञ राम रामस्वामी यांनी कोसंबींचे गणित आणि संख्याशास्त्रातले निवडक शोधनिबंध २०१६ साली स्प्रिंगरतर्फे एकत्र आणले. मूळ निबंध कुठल्या कुठल्या नियतकालिकांत विखुरलेले होते. आता एका जागी वाचता येतात. वारसाला सगळं समजलं पाहिजे असं नाहीच. ज्याला समजेल त्याच्यासाठी दार उघडं राहिलं पाहिजे.

तिसरी गोष्ट जरा घरचीच. आजोबांनी मराठीत लिहिलं. वडिलांनी पुण्याच्या आसपासचे देव, जत्रा, घाटवाटा आणि पालखीचा मार्ग पायी धुंडाळून इंग्रजीत लिहिलं. नातीने आजोबांना मराठीतून इंग्रजीत नेलं, आणि वडिलांवरचं पुस्तकही इंग्रजीतच केलं. जगासाठी ते योग्यच. पण ज्या गावांतून हा पुरावा वेचला, तिथल्या कॉलेजातल्या मुलाच्या हातात हे पुस्तक सहज पडणार नाही. वारसा कुणापर्यंत पोचवायचा, हाही जपणुकीचाच प्रश्न आहे.

घरचे आणि बाहेरचे

हा पेच फक्त आपला नाही. चार्ल्स डार्विनने १८७६ साली मुलांसाठी म्हणून आत्मचरित्र लिहिलं. त्याचा मुलगा फ्रान्सिस, स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, याने १८८७ साली 'लाइफ अँड लेटर्स'मध्ये ते छापलं. पण धर्माबद्दलचे काही परिच्छेद घरच्यांच्या इच्छेखातर गाळून. ते परत यायला १९५८ साल उजाडलं, आणि ते परत आणले नात नोरा बार्लोने. म्हणजे कात्री घरचीच आणि टाकाही घरचाच. पण टाका घालता आला कारण मूळ कागद कुणी जाळला नव्हता. फ्रान्सिसने गाळलं, नष्ट केलं नाही. या दोन क्रियापदांत सत्तर वर्षांचं अंतर आहे.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण इरावती कर्व्यांचं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या मोजमापावर काम करत होत्या. हे फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ ठरले. इरावतीबाईंच्या मोजमापांतून गुरूला हवा तो वंशभेद काही निघाला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. पण मोजमापाची ती हत्यारं घेऊन त्या भारतात आल्या, आणि पुढे कित्येक वर्षं इथल्या जातीजमातींची मोजमापं घेत राहिल्या, हेही तितकंच खरं. या दोन्ही बाजू एकत्र मांडायच्या तर एकट्या घरच्या माणसाला जड जातं, आणि एकट्या परक्याला घरातलं दार उघडत नाही. २०२४ साली आलेलं 'इरू' हे चरित्र नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोझा या मानववंशशास्त्रज्ञाने मिळून लिहिलं, आणि बार्बोझाच्या पीएचडीचा विषयच इरावतीबाईंचं काम हा होता. एक घरचा, एक बाहेरचा. मला ही जोडी फार आश्वासक वाटते. मीराताईंनी हेच थोड्या वेगळ्या रीतीने केलं होतं: आठवण स्वतःकडे ठेवली, निकाल दुसऱ्यांकडे दिला.

परत त्या ट्रंकांकडे

आता मैत्रिणीला मी काय सांगितलं ते.

काकांच्या वहीतलं एक पान आम्ही वाफेवर न धरता, पंख्याखाली सावकाश वाळवून सुटं केलं. त्यावर नमुन्याचा आकडा, तारीख, आणि 'दासव्याकडे जाणाऱ्या वाटेवर, ओढ्याच्या डाव्या काठाला, वरून दुसरा थर' असं लिहिलेलं. त्याच आकड्याचा दगड ट्रंकेत सापडला: काळा, ओबडधोबड, बागेत जाणाऱ्या ढिगातला. आम्ही खिडकीतून बाहेर बघितलं. दासवे म्हणजे आज लवासाचा मुख्य भाग. वरसगावच्या जलाशयाकाठची रंगीत घरं, रस्ते, भिंती, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यापासून ताटकळलेलं बरंच काही. काका तिथे हिंडले ते यातलं काहीही व्हायच्या आधी. तो ओढा, तो डावा काठ, तो दुसरा थर आता पुन्हा कुणालाही बघता येईल असं वाटत नाही. कॅव्हान्साइट बाजारात विकत मिळतो. हा काळा दगड, या ओळीसकट, जगात एकच आहे.

मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी उलटंच करणार होते."

मग आम्ही जे केलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे. आधी काहीच फेकलं नाही. प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला, कोरी पानं आणि खाडाखोडही सोडली नाही. दगड आणि आकडा एकाच फोटोत घेतला. ट्रंकांत जसा क्रम होता तसाच एका कागदावर उतरवून ठेवला, कारण क्रम हीसुद्धा नोंद असते. मग एक साधी यादी: आकडा, ठिकाण, तारीख, वहीचं पान. जिथे आकडा आहे पण नोंद नाही, तिथे जागा कोरी ठेवली; अंदाजाने भरली नाही. हे झाल्यावरच 'कुणाला द्यायचं' हा प्रश्न. आणि देताना अट एकच: दगड आणि वह्या वेगळ्या करायच्या नाहीत.

देखणे दगड तिने शोकेसमध्ये ठेवले का? ठेवले, तीन. त्यांचे आकडे यादीत 'घरी' असे नोंदवून. बाबांची आठवण ठेवायला मुलीला कुणी मनाई केलेली नाही. फक्त आठवणीसाठी काय ठेवलं आणि पुरावा म्हणून काय ठेवलं, हे वेगळं लिहून ठेवावं.

तुमच्यासाठी जाता जाता एवढंच. पीएचडीला लागाल तेव्हा पहिल्या दिवसापासून वही अशी लिहा, की तुमच्या विषयातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही ती नमुन्याशी जोडता येईल. तो माणूस तुमची मुलगी असेल, भाऊ असेल, किंवा खोली रिकामी करायला आलेली एखादी मैत्रीण असेल.

मीराताई २०१५ साली गेल्या. आनंदीबाई जोशींच्या पत्रांवर आणि आयुष्यावर त्यांनी केलेलं काम तेव्हा छापून झालेलं नव्हतं. ते पुस्तक २०१९ साली आलं, तिघांनी संपादित केलेलं: माधवी कोल्हटकर, आबान मुखर्जी आणि राम रामस्वामी. हो, तेच रामस्वामी, ज्यांनी त्यांच्या वडिलांचं गणित गोळा केलं. तिघांपैकी कुणीही घरचं नव्हतं.

मैत्रिणीच्या यादीत आजवर चारशे बारा आकडे झालेत. एकशे सत्तरच्या पुढची वही अजून वाळतेय.